गौरा-गौरी

भिलाई-दुर्ग परिसरात आणि एकूणच छत्तीसगढच्या मैदानी भागात दिवाळीच्या रात्री होणारा ईसरदेव (गौरा) आणि गौरी यांचा लग्नविधी. मान मुख्यतः गोंडांचा. बाकीचा गाव वऱ्हाडी म्हणून येतो. महाराष्ट्रातील भाद्रपदातल्या गौरी माहेरी येतात, इथली गौरी सासरी निघते.

तयारी आधीपासून चालते. ‘गौरा चौरा’ या ओट्यावर फुले कुटून देवाला जागवतात. बायका टोपलीत भात आणि त्यावर मातीचा पोपट ठेवून दारोदार ‘सुवा’ हा नाच करतात. मिळालेले धान्य-पैसे लग्नाच्या खर्चाला जातात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वाजतगाजत माती आणून मूर्ती घडवतात. गौरा बैलावर, गौरी कासवावर. दोघांनाही चमचमत्या कागदांचा साज. रात्रभर वरात फिरते. गुदुम, डफडा आणि मोहरी वाजते, गाणी मात्र बायकांची. विधीचा खरा प्राण या गाण्यांत आहे. कोणाच्या अंगात आले की त्याच्या हातापायांवर गवताच्या वेणीचा ‘सोंटा’ मारतात. अंगात न आलेलेही हात पुढे करतात, कारण त्या माराने अरिष्ट टळते अशी श्रद्धा आहे. दुर्ग जिल्ह्यातील जंजगिरी गावात छत्तीसगढचे मुख्यमंत्री असताना भूपेश बघेल यांनीही हा सोंटा घेतला आहे. सकाळी मूर्ती तळ्यात विसर्जित होतात.

या विधीची केवळ शिवपार्वतीविवाह एवढीच नोंद करणे अपुरे आहे. त्यामागे गोंडांचा स्वतःचा देवविचार उभा आहे. थोरला देव बूढादेव. त्याचे ठाणे साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या झाडात. कुळे चार, पाच, सहा वा सात देव मानणारी, आणि समान देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या ग्रंथात ही व्यवस्था नोंदवली. गोंडांच्या परधान गायकांच्या कथेत गुहेत कोंडलेल्या गोंडांना त्यांचा धर्मसंस्थापक लिंगो सोडवतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपलेली ही कथा त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये छापली गेली. मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकही गुहेला पूर्वजांच्या आणि पावसाच्या जगाचे दार मानत. त्यांच्या पिरॅमिडांवरच्या पुस्तकांनी ग्रंथालये भरली. आपल्या शेजारच्या गोंडांच्या या जित्या परंपरेवर मात्र मराठीत फार थोडे लिहिले गेले, ही उणीव भरून निघायला हवी.

हा विधी होतो त्याच परिसरात 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. त्याचे लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले. तोही गोंडांचाच मुलूख. कारखान्याभोवतीच्या गावांतले गौरा चौरे मात्र टिकून आहेत.

लिंगोची गुहा म्हणून गोंड ज्या कचारगडाला मानतात, तो गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात आहे. तिथली यात्रा माघ पौर्णिमेला भरते. भिलाईहून जाणाऱ्यांनी दुर्ग-गोंदिया लोहमार्गावरील दरेकसा स्थानकावर उतरावे.