पेथिडिनपासून एचआयव्हीपर्यंत: हॅलोपेरिडॉलची कुळकथा

छिन्नमनस्कतेवर दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल एचआयव्हीचं एक विकर अडवतं, असं सांगणारा शोधनिबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. तो वाचल्यापासून या औषधाचं कूळ शोधण्याचा मला नादच लागला.

मूळ सापडतं बेल्जियममधल्या बीर्स गावी. पॉल यान्सेन तिथे पेथिडिन या वेदनाशामकाची नवी भावंडं घडवत होते. एका रेणूच्या साखळीत एक कार्बन वाढवला आणि उंदीर आधी मॉर्फिन दिल्यासारखे, मग क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध दिल्यासारखे वागू लागले. तो धागा धरून १९५८ मध्ये हॅलोपेरिडॉल तयार झालं. पुढे ते जगभरच्या मनोरुग्णालयांत पोहोचलं.

१९८९ मध्ये एचआयव्हीच्या त्या विकराची, म्हणजे प्रोटिएजची, त्रिमितीय रचना उलगडली. विषाणूची लांबलचक प्रथिनं हे विकर कात्रीसारखं कापतं. ते कापणं थांबलं तर नवे विषाणू पक्व होत नाहीत. या विकरात ९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या एकत्र येतात आणि त्यांच्यामध्ये बोगदा तयार होतो. सॅन फ्रान्सिस्कोत अर्विन कुन्ट्झ यांच्या गटाने ‘डॉक’ या संगणकप्रणालीने त्या पोकळीचा जणू ठसा घेतला आणि केंब्रिजच्या स्फटिकरचना-संग्रहातले हजारो रेणू त्यात बसवून पाहिले. त्यातून ब्रोम्पेरिडॉल पुढे आलं. प्रयोगासाठी निवडलं ते त्याचं जुळं भावंड हॅलोपेरिडॉल. फरक एवढाच की ब्रोमिनच्या जागी क्लोरिन. त्याने प्रोटिएज खरोखर अडवलं, आणि माणसाच्या रेनिन या तशाच कापणाऱ्या विकराला धक्काही लावला नाही!

पण हे कशामुळे जमलं? माझा तर्क असा की बीर्समध्ये वाढलेल्या त्या एका कार्बननेच रेणूला बोगद्याजोगी लांबी दिली. या तर्कावर खरा घाव १९९३ मध्ये बसतो. हॅलोपेरिडॉलच्या एका गंधकयुक्त भावंडाची प्रोटिएजसह स्फटिकरचना काढली, तेव्हा रेणू संगणकाने सांगितलेल्या पद्धतीने बसलेलाच नव्हता. तरीही मी तर्क सोडत नाही: बैठक बदलली, पण जागा तीच बोगद्याची होती.

मात्र एड्सवरच्या औषधांचा पूर्वज म्हणून हॅलोपेरिडॉलचं नाव घेणं मला मान्य नाही. प्रोटिएज अडवायला त्याची तीव्रता सुमारे १०० मायक्रोमोलर लागे, म्हणजे मनोरुग्णाच्या रक्तात असते तिच्या हजारो पट. एवढी मात्रा विषारी ठरते, आणि हे औषध एड्सवर उपयोगाचं नाही हे संशोधकांनी तेव्हाच स्पष्ट लिहिलं होतं. १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सॅक्विनाव्हिर वेगळ्या घराण्यातलं. विकर ज्या प्रथिनाला कापतं त्याचीच नक्कल करून ते घडवलेलं, आणि त्या विद्येची मुळं रक्तदाबासाठी रेनिन अडवण्याच्या प्रयत्नांत. हॅलोपेरिडॉलचा वारसा औषधाचा नाही, शोधपद्धतीचा आहे: विकराची रचना समोर ठेवून, ज्ञात रेणूंच्या संग्रहातून, प्रथिनाशी काही साम्य नसलेला अवरोधक हुडकून काढण्याचा.