चिखलीची रेंज रोव्हर आणि जुन्या गाडीचा भाव

पुण्यात जुनी गाडी घेताना माणसं काय बघतात? टायर, किलोमीटर, सर्व्हिसची वही, ‘सिंगल ओनर’ आहे का. कोटीच्या घरातल्या ऑफरोड गाड्यांचा भाव मात्र बऱ्याचदा यातल्या कशावरच ठरत नाही.

मुळात ही शेतकऱ्याची गाडी. विलीज जीप बघून मॉरिस विल्क्स यांना लँड रोव्हर सुचली आणि १९४८ साली ती अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. युद्धानंतर पोलाद मिळत नव्हतं, म्हणून बॉडी अॅल्युमिनियमची. आपल्याकडे महिंद्रांनी विलीज जीप जोडायला सुरुवात केली तीही याच सुमारास. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली, तेव्हा तिचा आतला भाग पाण्याच्या पाइपने धुता यायचा. आज कुणी तसं करून दाखवावं!

२००८ साली टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. २०११ मध्ये पुण्यात फ्रीलँडर-२ ची जोडणी सुरू झाली. रेंज रोव्हर मात्र ब्रिटनमध्येच बनत राहिली. मग मे २०२४ मध्ये घोषणा झाली: रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट पुण्यात, टाटांच्या चिखलीच्या कारखान्यात जोडणार. ब्रिटनबाहेर पहिल्यांदाच. (चिखलासाठी बनलेली गाडी आणि गाव चिखली. असो.) किंमत १८ ते २२ टक्क्यांनी उतरली.

एवढी कशी? सगळा खेळ सीमाशुल्काचा. तेव्हा चाळीस हजार डॉलरवरची तयार गाडी आणली तर शंभर टक्के मूळ शुल्क होतं. सुटे भाग आणून इथे जोडले तर पंधरा. शुल्कातली ती दरी म्हणजेच स्वस्ताई.

नव्या गिऱ्हाइकाला आनंद झाला. पण ज्याने वर्षभरापूर्वी जहाजातून आलेली घेतली, त्याचं काय? समजा, त्याने तीन कोटी मोजले. आता तीच गाडी नवी कोरी दोन कोटी चाळीस लाखांना मिळते. त्याची गाडी गॅरेजमधून हललीही नसेल, तरी साठ लाख गेले. वापराची घट वेगळीच. कर्जाचा हप्ता मात्र जुन्याच किमतीवर चालू. विम्यातही तेच. नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने जाहीर केलेली चालू किंमत धरतात आणि त्यातून घसारा वजा करतात: दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०. म्हणजे गाडी चोरीला गेली तरी भरपाई उतरलेल्या भावाने. श्रीमंतांचं दुःख म्हणून हसायला सोपं आहे, पण बँकेचं देणं गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झालं, तर विकायची सोयही उरत नाही.

हा प्रकार पहिला नव्हता. मार्च २०२१ मध्ये जीप रँग्लर रांजणगावात जोडायला लागले आणि साधारण ६४ लाखांची गाडी ५३ लाख ९० हजारांवर आली. पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्याने देशभरातल्या रँग्लरवाल्यांच्या हिशेबातले दहा लाख एका दिवसात कमी केले.

आणि कागद अजून थांबलेले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. मोठ्या एसयूव्हीवर सेससकट ५० टक्के होता, तो सरळ ४० झाला. त्याआधी जुलैमध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, त्यात तिथून येणाऱ्या ठराविक संख्येच्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं आहे.

बाकी वापराचा अनुभव विचाराल, तर सदाशिव पेठेत ही गाडी लावायला जागा नाही आणि हवेचं सस्पेन्शन बिघडलं तर बिल बघून बसायला होतं. डोंगर चढायला बनवलेल्या बहुतेक गाड्यांनी पाहिलेला सगळ्यात अवघड चढ म्हणजे मॉलच्या पार्किंगचा. दलाल यातलं काहीच विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘बाहेरची की पुण्याची?’ पूर्वी ‘बाहेरची’ म्हणताना मालकाची मान ताठ व्हायची.