वऱ्हाडातील भाडे नियंत्रण आणि जुन्या इमारतींची स्थिती : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : अकोला शहर)

प्रस्तावना

दिनांक ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीच्या प्रभात चौक परिसरातील एक दुमजली शिकस्त इमारत कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील दुकानात त्या वेळी दुरुस्तीचे काम सुरू होते. ‘शिकस्त’ हा शब्द वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाचा आहे. तरीही घर भाड्याने घेणारा मनुष्य भाडे, अनामत रक्कम आणि पाण्याची सोय यांची चौकशी करतो. इमारतीच्या स्थितीची चौकशी क्वचितच करतो. या उदासीनतेची मुळे केवळ व्यक्तीच्या निष्काळजीपणात नसून भाडे नियंत्रणाच्या इतिहासातही आहेत, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

भाडे नियंत्रणाची वाटचाल

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांमध्ये घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली. मुंबई प्रांतात त्यासाठी १९४७ चा भाडे नियंत्रण अधिनियम आला. अकोला त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात असल्याने येथे तो लागू झाला नाही. येथे १९४९ चा स्वतंत्र भाडे नियंत्रण आदेश अमलात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, तरी हा आदेश कायम राहिला. मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा अधिनियम होता. एकाच राज्यात अशा प्रकारे तीन व्यवस्था नांदत होत्या. ३१ मार्च २००० रोजी ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ अमलात आल्यावरच ही स्थिती संपुष्टात आली.

१९४९ च्या आदेशाचा मुख्य भर घराचा ताबा कोणाकडे राहावा यावर होता. भाडेपट्टा संपुष्टात आणण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. ही परवानगी मिळण्याच्या कारणांपैकी एक कारण असे होते की, घर रिकामे केल्याशिवाय करता येणार नाही अशी आवश्यक दुरुस्ती मालकास करावयाची आहे. म्हणजेच इमारतीची दुरवस्था हा मुद्दा येथे घर रिकामे करून घेण्याचे कारण म्हणून पुढे येत होता. भाडेकरूने भिंतीच्या भेगेची तक्रार करणे हे घर सोडण्याचे निमित्त मालकाच्या हाती देण्यासारखे ठरू शकत होते. अशा व्यवस्थेत मौन बाळगणे हेच भाडेकरूच्या सोयीचे होते.

दुसऱ्या बाजूने गोठलेल्या भाड्यातून दुरुस्तीचा खर्च भागत नसे. मुंबईच्या अधिनियमाविषयी मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये निर्णय दिला. प्रमाण भाडे गोठविणाऱ्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे मत न्यायालयाने त्यात नोंदविले. १९९९ च्या अधिनियमात वार्षिक ४ टक्के भाडेवाढीची तरतूद झाली.

दुरुस्तीचे दायित्व

या अधिनियमाच्या कलम १४ नुसार घर सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची मुदत देऊनही मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे.

तथापि आज घरे बहुधा अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. असा परवानाधारक हा कायद्याने भाडेकरू नसतो व मुदत संपताच त्यास घर सोडावे लागते. दुरुस्तीबाबत करारात जे लिहिले असेल तेवढाच त्याचा आधार. म्हणून स्वाक्षरीपूर्वीची पाहणी हेच त्याचे खरे संरक्षण होय.

इमारतीचे परीक्षण

अकोल्याची काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाया हलून दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या, पायऱ्यांसारख्या भेगा जातात. गिलाव्यातील बारीक भेग आणि भिंतीच्या आरपार गेलेली भेग यांत भेद करणे आवश्यक आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पाण्यातील क्षारांमुळे भिंतींना लोणा लागतो. असेच पाणी बांधकामात वापरले गेल्यास लोखंडी सळयाही गंजतात. स्तंभाच्या कडेने गेलेली उभी भेग, स्नानगृहाच्या छताचे पडलेले प्लास्टर आणि उघड्या पडलेल्या सळया ही त्याची लक्षणे होत. एकाच ठिकाणी दिलेला ताजा रंग, मागाहून चढविलेला मजला आणि गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांचा भार यांचीही चौकशी करावी. शक्य असल्यास घर पावसाळ्यात पाहावे.

इमारतीचे वय हा महत्त्वाचा निकष असला तरी तो पुरेसा नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे कोसळलेली पाचमजली इमारत अवघी दहा वर्षांच्या आसपासची होती. त्या दुर्घटनेत १६ जण मृत्युमुखी पडले.

अकोला महानगरपालिका १ ऑक्टोबर २००१ रोजी अस्तित्वात आली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर आहे. हे प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

निष्कर्ष

वऱ्हाडात अर्धशतक भाडे नियंत्रणाने भाडेकरूचा ताबा सांभाळला. ज्या छताखाली तो राहत होता त्याची काळजी मात्र त्या प्रमाणात घेतली गेली नाही. १९९९ च्या अधिनियमाने दुरुस्तीचा हक्क दिला, परंतु अल्पमुदतीच्या करारांनी तो बहुसंख्य कुटुंबांच्या हातून निसटला. यास्तव करारातच दुरुस्तीची जबाबदारी आणि घराच्या सद्यस्थितीची नोंद करण्याचा प्रघात पडला पाहिजे. शिक्षणासाठी अकोल्यात येऊन जुन्या इमारतींत खोल्या घेणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांना ही माहिती देणे हे महाविद्यालयांचेही कर्तव्य ठरते.