दोन घरचा पाहुणा

दिवाळीच्या पहाटे घरोघरी उटण्याचा वास दरवळत असतो, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी नुकती वर आलेली असते. पावसाळा सरलेला. आता जे काही पिकावयाचे ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. फराळाच्या ताटात या ज्वारीला जागा नाही. पण चार दिवस चकली-करंजी खाऊन तोंड आंबले म्हणजे आठवण होते ती तिच्याच भाकरीची आणि ठेच्याची!

या भाकरीमागे एक इतिहास आहे. तो जितका एका बियाण्याचा, तितकाच शास्त्रीय संस्थांच्या सोयरिकींचा आहे. त्या जुळल्या, बदलल्या, पुन्हा जुळल्या. आणि मौज अशी की, प्रत्येक वेळी काम करणारी माणसे दोन्ही घरची असत.

आरंभ मोहोळातच करू. १९३० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने येथे मालदांडी ज्वारीतून निवड केली. मालदांडी काही खात्याने जन्माला घातली नव्हती. ती पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांच्या कणगीत होतीच. खात्याच्या माणसांनी चांगली कणसे वेचली, त्यांचे दाणे वेगवेगळे पेरले, उणे ते टाकले, उत्तम ते राखले. त्यातून जे वाण निघाले ते मालदांडी ३५-१, म्हणजेच पुढे देशभर गाजलेले ‘एम ३५-१’.

याच सुमारास पहिली सोयरीक जुळत होती. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनने १९२८ साली अहवाल दिला आणि १९२९ साली शेतकी संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. परिषदेकडे पैसा होता. जमीन आणि माणसे होती इलाख्यांकडे. तेव्हा १९३३ पासून परिषदेच्या पैशाने सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. बांध घालावे, कुळवाच्या पाळ्या द्याव्या, बी थोडे आणि ओळी रुंद ठेवाव्या, कोळप्याने भेगा बुजवून ओल राखावी, अशी ती पद्धत. सोलापूरच्या कामाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या ना. वि. कानिटकरांचा कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ परिषदेने १९४४ साली प्रसिद्ध केला. कानिटकर मुंबई इलाख्याचे आणि ग्रंथ परिषदेचा. दोन घरांचे नाते येथेच दिसते.

खरे पाहता या पद्धतीने पीक वाढले ते पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपासच. जेथे मूळचे पीकच तुटपुंजे, तेथे एवढ्याने शेतकऱ्याचे घर भरत नाही. तरी पाऊस मोजावा, ओल मोजावी, मग बोलावे, ही शिस्त मात्र त्या काळाने लावून दिली.

स्वातंत्र्यानंतर सोयरिकीचे स्वरूप पालटले. १९५७ साली मक्यासाठी सर्व प्रांतांना एका सूत्रात गुंफणारी समन्वित योजना सुरू झाली. १९६५ साली परिषदेची पुनर्रचना होऊन केंद्राच्या संशोधन संस्था तिच्याकडे आल्या. ज्वारीची समन्वित योजना १९६९ ची. इकडे महाराष्ट्रात १९६८ साली कृषी विद्यापीठ निघाले, १९७२ पर्यंत एकाची चार झाली, आणि मोहोळचे केंद्र राहुरीच्या विद्यापीठाच्या छत्राखाली आले.

आता गंमत पाहा. समन्वित योजनेच्या केंद्रांवर खर्चाचे पंचाहत्तर टक्के परिषद देई, पंचवीस टक्के राज्याकडून येत. संशोधक विद्यापीठाचा नोकर, त्याची बढती-बदली विद्यापीठाच्या हाती. पण त्याने कोणते वाण कोठे पेरून पाहावे, हे ठरे देशभरच्या संशोधकांच्या वार्षिक बैठकीत. एका माणसाच्या डोक्यावर दोन पागोटी!

आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. येथे पाहुणा उपाशी राहिला काय? काही काळ राहिला, असेच म्हणावे लागेल. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली. तिची माता अमेरिकेतली. खरिपात तिने कणगी भरल्या आणि साऱ्या संस्थांचे लक्ष तिकडे गेले. मोहोळच्या रब्बीत मात्र गणित निराळे. येथे खोडमाशी कोवळा पोंगा मारते, कणीस भरण्याच्या वेळी ओल संपते, आणि भाकरी पांढरी, गोड नसेल तर घरधनीण ते पीठ परत मळायला घेत नाही. वैरणही हवी, कारण बैलाचे पोट त्याच रानावर. बैठकीत बहुमत खरिपाचे, आणि रान रब्बीचे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशी मिलोच्या भाकरी खाल्ल्या. तेव्हा घरच्या कोरडवाहू धान्याकडे लक्ष देण्याची निकड नव्याने कळली.

पण म्हण सर्वस्वी खरी ठरली नाही, हेही सांगितले पाहिजे. कोरडवाहू शेतीची समन्वित योजना १९७० साली निघाली, तीत सोलापूर होते. १९८७ साली ज्वारीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र हैदराबादेस झाले आणि पुढे रब्बीसाठी त्याचे वेगळे केंद्र सोलापुरात आले. मोहोळात विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथेही तेच नाते: माणसे विद्यापीठाची, पैसा परिषदेचा. योजनांची नावे बदलली, पाट्या बदलल्या, पण रान तेच राहिले. आणि रब्बीच्या चाचण्यांत नव्या वाणाला दशकानुदशके शेजारी उभे राहावे लागले ते ‘एम ३५-१’ च्याच. दोन घरी जाणारा माणूस उपाशी राहतो खरा, पण एका घरचा निरोप दुसऱ्या घरी पोचवतो तोच. राहुरीला कळलेले हैदराबादेस कळले आणि हैदराबादचे मोहोळास, ते करारांच्या कागदांमुळे कमी, या दुहेरी माणसांमुळे अधिक.

मात्र या सोयरिकीत एक भागीदार कोणत्याच हजेरीपटावर नव्हता. ज्याच्या कणगीतून मालदांडी निघाली तो शेतकरी. २०१६ साली मोहोळच्या शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा निदान त्याच्या रानाचे नाव सरकारी दफ्तरात लागले. उशिरा का होईना!

मोहोळ हे गावाचे नाव, आणि मधमाश्यांच्या पोळ्याचेही. पोळ्यात मध कोणत्या माशीने आणला हे कोणी विचारीत नाही. पण फुलझाडच उपटले तर मध कोठला? संस्थांनी खुशाल सोयरिकी कराव्या, मोडाव्या, पुन्हा जुळवाव्या. रब्बीच्या रानाला विसरू नये, इतकेच. फराळ आटोपल्यावर गरम भाकरीचा पहिला पापुद्रा सोलाल, तेव्हा या दोन घरच्या पाहुण्यांची, आणि ज्याच्या घरचे हे अन्न त्या यजमानाचीही, आठवण असू द्या.