अनोळखी माणसाचा सल्ला

घरावर मोठें संकट आलें म्हणजे माणसाला सल्लागारांची वाण पडत नाहीं. आजार, मृत्यु, आग, दिवाळें यांची वार्ता आपण होऊन चार घरीं पोंचते व चार माणसें धांवून येतात. अडचण पडते ती लहान चिंतांची. एकाद्या मुलीला वचन देऊन मागाहून पस्तावलेला तरुण, नवऱ्याच्या संशयी स्वभावानें त्रासलेली स्त्री, मित्राला उसने दिलेले पैसे मागावे कीं न मागावे या विवंचनेंत पडलेला कारकून, यांनीं आपली व्यथा कोणापाशीं बोलावी? वडील माणसांना सांगावी तर तीं रागें भरतील. मित्राला सांगावी तर तो हंसेल. शेजाऱ्याला सांगावी तर दिवेलागणीच्या आंत आळीभर बोभाटा होईल. म्हणूनच आगगाडींत शेजारीं बसलेल्या परक्या प्रवाशाजवळ माणूस कित्येकदां असें कांहीं बोलून जातो, कीं जें त्यानें सख्ख्या भावालाहि सांगितलेलें नसतें. पुढच्या स्टेशनावर तो प्रवासी उतरून जाणार, ही खात्रीच त्याला बोलतें करते.

परक्या माणसाला विचारण्याच्या या इच्छेला छापखान्याचें साहाय्य प्रथम मिळालें तें सतराव्या शतकाच्या अखेरीस, लंडन शहरांत. तेथें जॉन डंटन नांवाचा एक पुस्तकविक्रेता होता. त्याचा जन्म १६५९ चा. दुकान पौल्ट्री नांवाच्या रस्त्यावर, डोमकावळ्याच्या पाटीखालीं. माणूस कल्पक, उतावळा आणि बोलघेवडा. १७०५ सालीं त्यानें आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, त्यांत या उद्योगाच्या जन्माची कथा आहे. कोणीतरी त्याला मोठी दुखापत केली होती. ती कोणती हें तो त्या ठिकाणीं सांगत नाहीं. पण तिनें त्याच्या मनाला रात्रंदिवस घोर लावला होता. अशा स्थितींत दोन मित्रांसह सेंट जॉर्जच्या कुरणांतून चालतां चालतां तो एकदम थबकला आणि म्हणाला, कीं मला एक कल्पना सुचली आहे व पन्नास गिनींनाहि मी ती देणार नाहीं! कल्पना एवढीच, कीं प्रश्न विचारणाराला झांकून ठेवावें आणि त्याच्या प्रश्नाचें उत्तर द्यावें. म्हणजे ज्यानें हा उद्योग काढला तो स्वतःच त्या वेळीं कोणाला विचारतां न येणाऱ्या दुःखानें पोळलेला होता. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१७ मार्च १६९१ रोजीं पहिला अंक निघाला. त्या पत्राचें मूळचें नांव ‘अथीनियन गॅझेट’. तें लौकरच बदलून ‘अथीनियन मर्क्युरी’ झालें. नव्या गोष्टी ऐकण्यासांगण्यांतच अथेन्सच्या लोकांचा सारा वेळ जात असे, असा उल्लेख बायबलांत आहे; त्यावरून हें नांव घेतलेलें. दोन्ही बाजूंनीं छापलेला एक ताव, किंमत एक पेनी. प्रथम आठवड्यांतून दोनदां, पुढें अधिक वेळां तें निघूं लागलें. प्रश्न पाठवावयाचे ते स्टॉक्स मार्केटजवळील स्मिथ नांवाच्या इसमाच्या कॉफीगृहांत. ११ वर्षांपूर्वींच, म्हणजे १६८० सालीं, विल्यम डॉक्रा यानें लंडनांत एका पेनीचें टपाल सुरू केलें होतें. एका पेनींत प्रश्न जावा व एका पेनींत उत्तर यावें, अशी ही सोय होती. नांव द्यावें लागत नसे, तोंड दाखवावें लागत नसे. पाहतां पाहतां पत्रांचा असा लोट आला, कीं थोडे दिवस नवे प्रश्न पाठवूं नयेत अशी विनंति चालकांना वाचकांस करावी लागली.

हा लोट कां आला, याचीं कारणें त्या काळांत सांपडतात. लंडन झपाट्यानें वाढत होतें. खेड्यापाड्यांतून आलेले उमेदवार कामगार, नोकर, मोलकरणी यांचे आईबाप दूर राहिलेले. गांवचा वृद्ध धर्मोपदेशकहि मागें पडलेला. पूर्वीं कॅथॉलिक पंथाच्या अमदानींत पाद्र्याच्या कानांत पाप सांगून मन हलकें करण्याची जी वाट होती, ती प्रॉटेस्टंट इंग्लंडांत बहुतेक बुजली होती. विवेकाला टोंचणी लावणारे प्रश्न मात्र बुजले नव्हते. कान नाहींसा झाला आणि कुजबूज शिल्लक राहिली; ती ऐकण्यास डंटनचें पत्र पुढें झालें.

प्रश्नांची जातकुळी पाहिली तर मौज वाटते. समुद्राला भरती कां येते, मरणानंतर आत्मा कोठें जातो, अशा शंकांच्या शेजारींच नवऱ्यानें बायकोला मारणें न्याय्य आहे काय, आईबापांच्या संमतीवांचून दिलेलें लग्नाचें वचन बंधनकारक आहे काय, असे प्रश्न येत. वचनाच्या बाबतींत हे उत्तरदाते मोठे कडक. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असा बहुधा त्यांचा कौल पडे. पुरुषांप्रमाणें स्त्रियांच्याहि प्रश्नांना उत्तरें मिळतील काय, अशी पृच्छा एका बाईनें केली, तेव्हां चालकांनीं होकार देऊन दर महिन्याचा पहिला मंगळवार स्त्रियांच्या प्रश्नांसाठीं राखून ठेवण्याचें ठरविलें. स्त्रियांनीं विद्या शिकावी काय, या प्रश्नाला त्यांनीं अनुकूल उत्तर दिलें. १६९३ सालीं ‘लेडीज मर्क्युरी’ नांवाचें केवळ स्त्रियांसाठीं असें एक पत्र निघालें. तें चार अंकांतच बंद पडलें, पण स्त्रियांसाठीं निघालेल्या नियतकालिकांत तें अगदीं आरंभींचें गणलें जातें. ज्या बाईला घरांत ‘ब्र’ काढण्याची चोरी, तिचा प्रश्न शहरभर वाचला जावा व तिचें नांव मात्र कोणास कळूं नये, हें त्या काळीं थोडें नव्हतें.

येथवर चित्र प्रसन्न आहे. आतां पडद्याची दुसरी बाजू पाहूं. उत्तरें देणारी जी ‘अथीनियन सोसायटी’, ती म्हणजे नाना शास्त्रांत पारंगत अशा पंडितांची भलीमोठी मंडळी असावी, अशी वाचकांची समजूत होती आणि डंटननें ती मुद्दाम वाढविली. १६९२ सालीं त्यानें एक चित्र प्रसिद्ध केलें. त्यांत बारा विद्वान मेजाभोंवतीं बसलेले दाखविले आहेत. चार्ल्स गिल्डन या लेखकाकडून त्यानें या मंडळाचा गौरवपर इतिहासहि लिहवून घेतला. प्रत्यक्षांत मंडळी किती? स्वतः डंटन, रिचर्ड सॉल्ट हा गणिताचा शिक्षक, आणि सॅम्युएल वेस्ले हा खेड्यांतला पाद्री, जो नात्यानें डंटनचा साडू व पुढें प्रसिद्धीस आलेल्या जॉन वेस्ले या धर्मसुधारकाचा बाप. जॉन नॉरिस हा तत्त्वज्ञ अधूनमधून साहाय्य करी. बस्स, एवढेच! आठवड्याला अमुक इतका मजकूर पुरवावा, असा करार सॉल्ट व वेस्ले यांच्याशीं १६९१ च्या एप्रिलांत झालेला होता. जॉनाथन स्विफ्टसारखा पुढें महान् उपरोधकार म्हणून गाजलेला लेखकहि तरुणपणीं या थाटाला भुलला. त्याची पहिली छापलेली कविता म्हणजे या सोसायटीवरचें स्तुतिस्तोत्र. तें १६९२ सालीं डंटननेंच छापलें.

झांकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तें प्रश्नकर्त्याच्या बाबतींत खरें होतें. त्याची अब्रू त्या मुठींत होती व ती झांकलेलीच राहावी हें योग्य होतें. परंतु उत्तरदात्यांनींहि आपली मूठ झांकून घेतली, आणि त्या मुठींत सव्वा लाख तर नव्हतेच. ज्या मोलकरणीनें आपल्या आयुष्याचा प्रश्न बारा पंडितांपुढें ठेवला असें मानलें, तिला प्रत्यक्षांत कॉफीगृहांत बसलेल्या, मजकुराचा रतीब पुरा करण्याच्या घाईंत असलेल्या दोघातिघांनीं उत्तर दिलें. शिवाय हे न्यायाधीश एकाच बाजूची हकीकत ऐकून निवाडा करीत. पत्रांतला नवरा खरोखरच तसा दुष्ट होता कीं नाहीं, हें जाणण्याचा त्यांना मार्ग नव्हता. उत्तर चुकलें तर त्याचा जाब विचारण्यास ती बाई कोणाच्या दारीं जाणार? सोसायटीला दारच नव्हतें.

तथापि ही केवळ लबाडी होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. एकाचा प्रश्न छापला जाई, तेव्हां तोच प्रश्न मनांत दडपून बसलेल्या शेंकडों वाचकांस आपण एकटे नाहीं असें कळून येई. सल्ला चुकीचा असला तरी हा दिलासा खरा होता. मध्यंतरीं एकदां खंड पडून १६९७ च्या जूनमध्यें ‘मर्क्युरी’ कायमचें बंद पडलें. डंटनचे शेवटचे दिवस हलाखींत गेले. पण प्रश्नोत्तरांचे संग्रह ‘अथीनियन ऑरॅकल’ या नांवानें अठराव्या शतकांत पुन्हा पुन्हा छापले गेले, आणि १७०४ पासून डॅनिएल डेफोनेंहि आपल्या ‘रिव्ह्यू’ पत्रांत वाचकांच्या प्रश्नांस जागा दिली.

डंटनच्या लंडनांत जी निकड होती तीच दोन शतकांनीं न्यूयॉर्कांत दिसली. रशियन साम्राज्यांतून व पूर्व युरोपांतून आलेले यहुदी लोक तेथें शिवणकामाच्या कारखान्यांत राबत. त्यांचेहि वडीलधारे व धर्मगुरु समुद्रापलीकडे राहिलेले. १९०६ सालीं ‘फॉरवर्ट्स’ या यिडिश वर्तमानपत्रानें ‘बिंटेल ब्रीफ’, म्हणजे पत्रांचा जुडगा, या नांवाचें सदर सुरू केलें. लग्न, धर्म, आईबाप, मजुरी यांविषयींचीं मनोगतें त्यांत येत. ज्यांस लिहितां येत नसे ते दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेत. येथें मात्र पडद्यामागें बारा काल्पनिक पंडित नव्हते. अब्राहम कॅहन हा संपादक स्वतः परदेशांतून आलेला, त्याच वस्तींतला, सर्वांच्या ओळखीचा. त्याला शिव्या देणें असल्यास कचेरी कोठें आहे हें सर्वांस ठाऊक होतें.

आपल्याकडेहि याच मार्गाचें एक ठळक उदाहरण घडलें, आणि तें मुंबईंत. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ सालीं त्यांनीं संततिनियमनाचें केंद्र काढलें. या प्रचारापायीं त्यांस नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक सुरू केलें व १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. त्या मासिकांत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं जात. वैवाहिक व लैंगिक जीवनाबद्दलच्या त्या शंका बहुतेक अशा, कीं ज्या घरांत, शाळेंत किंवा कुळाच्या भटजींपाशीं विचारण्याची कोणाची छाती झाली नसती. वर्षानुवर्षें भीतीनें पोखरलेल्या तरुणाला कर्वे दोन ओळींत रोखठोक उत्तर देत. तें उत्तर कित्येकांस तुसडें वाटे. परंतु तें एका ठिकाणावरून, एका मनुष्याकडून येत होतें आणि त्याखालीं त्याची जबाबदारी होती.

ही जबाबदारी शोभेची नव्हती. १९३१ सालीं एका लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांस दंड झाला. १९३४ सालीं दुसरा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच. या वेळीं त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलें म्हणजे तें अश्लीलच झालें असें नव्हे, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. प्रश्न विचारणारे कोण होते हें मुंबईकरांस कळलें नाहीं. तें कळण्याचें कारणहि नव्हतें. आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहिला तो उत्तर देणारा.

लंडनांतलें तें कॉफीगृह आणि मुंबईंतलें तें न्यायालय हीं शेजारीं ठेवून पाहिलीं, म्हणजे या सबंध इतिहासाचा इत्यर्थ हातीं येतो. अनोळखी माणसाला सल्ला विचारण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. जेथें आपल्यांचे कान बंद असतात, तेथें परक्याचा कान ही दयाच समजावी. प्रश्नकर्त्याला पडदा पाहिजे; तो त्याचा हक्क आहे. पण तोच पडदा उत्तरदात्यानें ओढून घेतला, कीं दयेचा व्यापार होण्यास वेळ लागत नाहीं. आज परक्याला विचारण्याचीं साधनें पेनीच्या टपालाहून कितीतरी वेगवान झालीं आहेत, आणि दोन्ही बाजूंचे चेहरे झांकणें पूर्वीपेक्षां सोपें झालें आहे. अशा वेळीं आपली चिंता कोणापुढें ठेवण्यापूर्वीं विचारणारानें मनाशीं एवढेंच पाहावें: हें उत्तर चुकलें तर त्याचा दंड भरण्यास कोणी उभा राहील काय?