वारणेच्या दोन तीरांवर

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात पाहुणा म्हणून जा. चहा यायच्या आधी तेथे पूर्वज येतात. भिंतीवरची गंजलेली तलवार दाखविली जाते, देव्हाऱ्यामागच्या पेटीत मोडी कागद असल्याचे सांगितले जाते आणि मग यजमान मांडी सावरून म्हणतात, "आमचे मूळपुरुष लढाईत पडले." ऐकणारा आदराने मान डोलावतो. परंतु मूळपुरुष पडले ते कोणाशी लढताना, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पाहुण्याने ते विचारू नये, असाच आपल्याकडचा शिष्टाचार आहे.

मी पडलो शाळामास्तर. प्रश्न विचारणे हा माझ्या पोटापाण्याचाच भाग. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. पण कादंबरीच्या निमित्ताने जुनी पुस्तके चाळता चाळता एक गोष्ट ध्यानात येत गेली. आपल्या भिंतींवरच्या सगळ्याच तलवारी काही मोगलांवर चाललेल्या नाहीत. त्यांतल्या कित्येक आपल्याच माणसांवर चालल्या. 1707 ते 1731, म्हणजे तब्बल चोवीस वर्षे, मराठ्यांचे एक घर दुसऱ्या घराशी भांडत होते, आणि त्या भांडणाचे आखाडे आपल्याच नद्यांच्या काठी होते.

कथा थोडक्यात सांगतो. 1689 साली संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि येसूबाई व लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराममहाराज जिंजीला गेले, परतले आणि 1700 च्या मार्चमध्ये सिंहगडावर वारले. पुढची सात वर्षे ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज दिली. आपला मुलगा शिवाजी याला गादीवर बसवून त्यांनी स्वतः कारभार हाकला. 1707 मध्ये बादशहा अहमदनगरला मेला आणि त्याच्या मुलाने शाहूंना मोकळे केले. आता गादी कोणाची? थोरल्या पातीचा वारस म्हणून शाहूंची, की राज्य राखले म्हणून ताराबाईंची? वाचकहो, या प्रश्नाला एकच सोपे उत्तर असते, तर चोवीस वर्षे रक्त सांडले नसते.

आमच्या घरात तर हा तंटा जेवणाच्या पंगतीवर चाले. वडिलांचे घराणे कऱ्हाडकडचे, सातारच्या गादीचे अन्न खाल्लेले. आजोळ वारणेच्या दक्षिणेचे, करवीरचे अभिमानी. दिवाळीला मामा आले, की फराळाच्या ताटावरच जुंपे. मामा म्हणायचे, "दाजी, ताराऊसाहेबांनी राज्य राखलं नसतं, तर तुमचे शाहूमहाराज परत येऊन बसणार कशावर होते?" वडील शांतपणे चकली मोडीत म्हणायचे, "राखलं हे खरं. पण राखणदारानं शेत आपल्या नावावर करायचं नसतं, पाव्हणं." दोघेही बरोबर बोलत, आणि दोघांचेही पूर्वज आपापल्या परीने बरोबरच होते. मुले म्हणून आम्हांला मात्र त्यात एकच काळजी असे, की या धामधुमीत अनारसे संपतील.

पण ज्यांना खरोखरच बाजू निवडावी लागली, त्यांची स्थिती काय झाली असेल? ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथ घेतली, असे परंपरा सांगते. शपथ ताराबाईंची, पण समोर उभा असलेला तरुण शिवछत्रपतींचा नातू! 12 ऑक्टोबर 1707 रोजी भीमेकाठी खेडला फौजा भिडल्या, तेव्हा धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि परशुरामपंत प्रतिनिधींना एकट्याने लढून माघार घ्यावी लागली. शंकराजी नारायण सचिवांना शपथही मोडवेना आणि शाहूंवर शस्त्रही उचलवेना. त्यांनी आपले जीवनच संपविले. धनाजी पुरता व्यवहारी, शंकराजी पुरते हळवे, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. एकाच कोड्याची ती दोन उत्तरे होती.

आणि प्रतिनिधींच्या घरचे काय झाले पाहा. परशुरामपंत मूळचे आपल्या किन्हईचे. शाहूंनी सातारचा किल्ला घेतला तेव्हा ते कैदेत पडले, पुढे सुटून पुन्हा पदावर आले. त्यांचा एक मुलगा कृष्णाजी करवीरकरांकडे गेला. त्याचे घराणे विशाळगडचे प्रतिनिधी झाले. दुसरा मुलगा श्रीपतराव शाहूंकडे राहिला. त्याच्या वंशजांचे संस्थान म्हणजे औंध. म्हणजे बाप एक, पद एक, आणि धनी दोन. 1730 साली वारणेकाठी करवीरच्या फौजेवर चालून गेले ते हेच श्रीपतराव! औंधच्या अभिमान्याने तेवढा विजय आठवावा आणि विशाळगडच्या अभिमान्याने तो विसरावा, असे कसे चालेल? एकाच्या विजयात दुसऱ्याचा भाऊ होताच.

धनाजींचे चिरंजीव चंद्रसेन यांनी तर 1711 मध्ये बाळाजी विश्वनाथांशी बिनसताच शाहूंचा पक्ष सोडला. ते आधी ताराबाईंकडे व नंतर निजामाकडे गेले. बत्तीस शिराळ्याकडे उदाजी चव्हाणांनी ठाणे धरले. त्यांचा बंदोबस्त होईना, तेव्हा शाहूंनी त्यांना शिराळा व कऱ्हाडकडची चौथ देऊन समजूत काढली. करवीरचे घरही अखंड राहिले नव्हते. 1714 मध्ये पन्हाळ्यावर सवत राजसबाई आणि त्यांचे पुत्र संभाजी यांच्या पक्षाने ताराबाईंना मुलासह कैद केले.

अशा दिवसांत सामान्य वतनदाराने काय करावे? आज एकाचा अंमल, उद्या दुसऱ्याचा. पाटीलकी-देशमुखी टिकवायची, तर दोन्ही गाद्यांशी संधान ठेवावे लागे. आज आपण त्याला फितुरी म्हणतो. पण गावावर आलेल्या फौजेला दाणावैरण पुरवून गाव जळण्यापासून वाचविणारा पाटील फितूर म्हणायचा की पालक? मी वर्गात हे विचारतो, तेव्हा मुले दोन तट पाडून भांडतात. मी कोणाच्याच बाजूने निकाल देत नाही. फक्त एवढेच सांगतो, की निकाल देण्यापूर्वी त्या पाटलाच्या कणगीत डोकावून पाहा.

या सगळ्या कलहात एक प्रसंग मात्र मला पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो. सुटून येताना, 1707 मध्येच, वाटेत पारद गावी शाहूंच्या लोकांशी तेथल्या पाटलाची लढाई झाली. पाटील पडला. त्याच्या विधवेने आपले मूल आणून शाहूंच्या पुढे घातले. शाहूंनी ते नुसते अभय देऊन परत केले नाही. फत्तेच्या दिवशी मिळाले म्हणून फत्तेसिंह नाव ठेवून पोटच्या पोरासारखे वाढविले. अक्कलकोटचे भोसले घराणे या मुलापासून चालले. मारलेल्याच्या मुलाला आपले आडनाव देणे, ही तलवारीपेक्षा कठीण गोष्ट आहे. भिंतीवर टांगता येत नाही, म्हणून ती पाहुण्यांना दाखवायची राहून जाते, एवढेच.

शेवटी भांडण मिटले. 1730 च्या लढाईत ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या. पन्हाळ्याला परत जाण्यापेक्षा त्यांनी साताऱ्यास राहणे पसंत केले. 1731 मध्ये कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या मैदानावर शाहू आणि संभाजी हे चुलतभाऊ भेटले, आणि 13 एप्रिल 1731 रोजी वारणेचा तह झाला. वारणेच्या उगमापासून ती कृष्णेला मिळते तेथपर्यंत दक्षिणेचा मुलूख करवीरचा ठरला. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू, असे कलम पडले. आणि एक फार शहाणे कलम पडले: एकाकडून रुसून आलेला चाकर दुसऱ्याने ठेवू नये. चोवीस वर्षांत राज्याचा रोग नेमका कोठे होता, हे दोघा भावांना त्या एका कलमापुरते तरी पुरते उमगले होते.

या तहात राजांची, सरदारांची नावे आहेत. खेडला किंवा वारणेकाठी जो शिलेदार पडला, ज्या रामोश्याने रात्रभर पहारा केला, ज्या महाराने ठाण्याचा निरोप पोचविला, ज्या कुणबिणीची उभी ज्वारी दोन्हीकडच्या घोड्यांनी खाल्ली, त्यांची नावे नाहीत. त्यांच्या घरी मोडी कागद नाही आणि तलवारही नाही. माझ्या वर्गात त्यांचे वंशज पुढच्या बाकावर बसतात. इतर मुले आपापल्या पूर्वजांच्या गोष्टी सांगू लागली, की ती खाली मान घालतात. त्यांना मी सांगतो, "अरे, तुझाही कोणीतरी तेथे होताच. नाहीतर तू आज येथे कसा असतास?" पूर्वजांचा अभिमान धरायचा, तर या पोराची मान वर करणारा धरावा, खाली घालायला लावणारा धरू नये.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. तेथे शाहूमहाराजांची समाधी आहे आणि ताराबाईंचीही आहे. शाहूंच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधीसुद्धा तेथे आहे. शाहू 1749 मध्ये गेले. ताराबाई त्यांच्यामागून बारा वर्षांनी, 1761 मध्ये, साताऱ्यासच वारल्या. एकमेकांवर फौजा धाडणारी ही चुलती आणि हा पुतण्या आज एकाच घाटाच्या आसऱ्याने विसावले आहेत. शाळेची सहल नेली, की मुले सर्वांत आधी खंड्याच्या समाधीकडे धावतात. मी त्यांना अडवीत नाही. मग त्यांना दोन्ही समाध्यांपुढे नेतो आणि दोन्हींना सारखाच नमस्कार करायला लावतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आपणही मुलांना घेऊन जरूर जा. आणि कोणी विचारलेच, "आपले पूर्वज कोणाच्या बाजूने होते हो?" तर ठाऊक असेल ते खरे सांगा, आणि पलीकडच्या बाजूला कोण होते, तेही सांगा.