पायाने वळणारा सूर

लॉस एंजेलिसजवळचं डाउनी, साल १९४८. पॉल बिगस्बीच्या वर्कशॉपमध्ये शिरताना वाद्यांच्या दुकानात आलोय असं तुम्हाला मुळीच वाटत नाही. लेथखाली ॲल्युमिनियमचा कीस पडलाय, बाकावर ओतकामाचे लाकडी पॅटर्न मांडलेत. हा माणूस मोटरसायकलच्या शर्यती धावलेला, क्रॉकर मोटरसायकलींसाठी पॅटर्न केलेला. धातू कुठे वाकतो आणि कुठे दगा देतो, हे त्याच्या हातांना ठाऊक आहे.

स्टील गिटार वादक स्पीडी वेस्टसाठी त्याने केलेली पेडल स्टील गिटार पायांवर आडवी उभी आहे: तीन नेक, चार पेडल. वरून न्याहाळू नका, खाली वाकून बघा. गिब्सन कंपनीच्या आधीच्या इलेक्ट्राहार्प या पेडल गिटारची पेडल एकाच पायाभोवती गोळा केलेली होती. बिगस्बीने पुढच्या दोन पायांमध्ये आडवी पट्टी टाकली आणि पेडल तिच्यावर ओळीने बसवली. एक दाबा. दांड्या आणि तरफांमधून ती ओढ तारेच्या टोकापर्यंत पोचते, तार ताणली जाते, सूर चढतो. पाय उचलला की तार मूळ सुरावर परत.

हा खटाटोप कशासाठी? व्हॅन शिप्लेंची गिटार तुम्ही रेडिओवर ऐकली असेल, तर तारांवरून सरकणाऱ्या पोलादी कांडीचा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. पण कांडी सरळ असते. तिच्याखालचे सगळे सूर एकदमच चढतात, एकदमच उतरतात. त्यांचं आपसातलं अंतर बदलायचं, तर हात अपुरे पडतात.

आता १९५३चं नॅशव्हिल. गायक वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू आहे आणि तुम्ही स्टील गिटार वादक बड आयझॅक्सच्या बुटाकडे बघताय. पेडल याआधीही होती, पण बहुतेक वादक ती पुढच्या कॉर्डची तयारी म्हणून दाबत. आयझॅक्स तारा घुमत असतानाच दाबतो. कांडी स्थिर. षड्ज जागेवर, गंधार मध्यमावर चढतो, पंचम धैवतावर. तिन्ही सूर एकाच वेळी कानात असतात आणि त्यातले दोनच सरकतात. माझ्या मते या वाद्याचा खरा जन्म इथे, या एका पावलात आहे. पुढच्या वर्षी गाणं गाजलं आणि कित्येक वादक आपापल्या गिटारींना पेडल जोडण्याच्या मागे लागले.

इथून पुढे जरा भराभर चला. १९५७मध्ये लिओ फेंडर दांड्यांऐवजी पोलादी केबल वापरून आठ-आठ तारांच्या दोन नेकची फेंडर १००० बाजारात आणतो. झेन बेक गुडघ्यांनाही कामाला लावतो, गिटारखाली तरफा लटकतात. वादक बडी एमन्स आणि शॉट जॅक्सन मिळून शो-बड ही गिटार कंपनी काढतात. मग एमन्स तिथून बाहेर पडतो आणि रॉन लॅशलीबरोबर नॉर्थ कॅरोलिनातल्या बर्लिंग्टनमध्ये स्वतःच्या नावाच्या गिटारी करू लागतो. त्यांतली ‘पुश-पुल’ यंत्रणा सुरात लावणं किचकट, तरीही तिच्या आवाजासाठी वादक आजही जुन्या गिटारी जपून ठेवतात.

एवढं लोखंड भरल्यावर वाद्य कुठे उरलं, असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. आपण मींड बोटाने घेतो, ही माणसं पायाने आणि गुडघ्याने घेतात, आणि ती तितकीच नेमकी पडावी म्हणून यंत्रातला कणभर ढिलेपणा काढायला त्यांनी वर्षं घातली.

त्या पहिल्या पावलाचंच पुढे काय झालं बघा: आयझॅक्सच्या एका पेडलने दोन्ही सूर एकत्र चढत. एमन्सने त्याची दोन पेडल केली. त्याच्या मांडणीच्या, ई-नाइन सुरावटीत लावलेल्या दहा तारांच्या गिटारवर आजही डावीकडचं पहिलं पेडल पंचमाला धैवतावर नेतं आणि दुसरं गंधाराला मध्यमावर.